आत्तीचं समन्स आणि मलावीतले तुरुंग

आमची आत्ती कर्नाटकात खानापूरकडं एका खेड्यात राहते. तिच्या नावावर कोर्टाचं समन्स आलं, सगळं कन्नडमधनं. आत्ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, तिनं तो कागद घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवला. दोन महिन्यांनी मी गेलो तेव्हा बाहेर काढला, घडीत तांदळाची पांढरी पूड भरलेली. वाटणीचा दावा होता आणि तारीख कधीच होऊन गेलेली. मधी एकदा ती कागद घेऊन एका ऑफिसात गेली होती, तिथला माणूस वर न बघताच 'वकील बघा' म्हणाला. मला इतका राग आला.

त्या रात्री झोप लागेना, मोबाईलवर वाचत बसलो आणि आफ्रिकेतल्या मलावीपर्यंत पोचलो. तिथं घराघरात चिचेवा बोलतात आणि कोर्ट चालतं इंग्रजीत, म्हणजे आत्तीचंच झालं की! गरीब माणूस कच्चा कैदी म्हणून आत पडून राहतो कारण जामीन मागता येतो हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तिथं २००० साली चार तुरुंगांत पॅरालीगल जायला लागले. हे वकील नव्हेत, कायद्याचं ट्रेनिंग घेतलेली साधी माणसं. ते कैद्यांना गोळा करून कोर्टाचं नाटक बसवतात, एक कैदी मॅजिस्ट्रेट होतो, दुसरा उभा राहून जामीन मागतो, काय विचारतील, काय सांगायचं, जामीनदार कोण आणायचा, सगळं करून बघायचं. कैद्याच्या घरच्यांना शोधून काढायचं कामपण हेच लोक करतात.

आफ्रिकेतल्याच सिएरा लिओनमध्ये युद्ध २००२ ला संपलं, वकील बहुतेक सगळे राजधानीत, फ्रीटाऊनमध्ये, खेड्यात कोण जाणार? मग २००३ मध्ये 'तिमाप फॉर जस्टिस' ही पॅरालीगलांची संस्था सुरू झाली, क्रिओ भाषेत तिमाप म्हणजे उभा राहा. तिथल्या २०१२ च्या कायद्यात तर प्रत्येक चीफडममध्ये, म्हणजे गावांच्या गटात, निदान एक पॅरालीगल पाहिजे असं लिहिलंय. मला हे फार पटलं. गावातलाच, गावची भाषा बोलणारा कोणीतरी.

आपल्याकडं कायदा नाही असं नाही हं. १९८७ चा कायदा आहे, त्यात बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तालुका कोर्टातच कमिटी असते. पण आत्तीला ते कुणी सांगायचं? आम्ही तिथं अर्ज दिला, वकीलबाई मिळाल्या, मराठी बोलणाऱ्या. तारखेला आत्ती नव्हती म्हणून निघालेला एकतर्फी आदेश रद्द करा म्हणून अर्ज टाकलाय.

जबाब द्यावा लागला तर घाबरू नये म्हणून परवा घरीच मलावीसारखं केलं. आई जज्ज झाली, मी समोरच्यांचा वकील. पहिल्यांदा आत्ती जमिनीकडं बघूनच बोलत होती. तिसऱ्यांदा मान वर करून म्हणाली, 'कागद आला साहेब, पण त्यात काय लिहिलंय ते मला कोणी वाचून दाखवलं नाही.'