पताम रंध्याची पारख

आज पुण्याच्या जुन्या बाजारात स्टॅनली कंपनीचा एक ७८ नंबरचा रंधा हाताळायला मिळाला. हा पताम रंधा, म्हणजे दाराच्या चौकटीला किंवा खोक्याच्या कडेला पायरीसारखी खाच पाडायचा. ओळख सोपी: ओतीव लोखंडाचा सांगाडा, दीड इंची एकच पाते, पण ते बसवायला दोन जागा. नेहमीचे काम मागच्या जागेवर, कोपऱ्याला अगदी टेकून रंधायचे तर पुढच्या.

घेताना आधी काय नाही ते बघा. बाजूची आधारपट्टी, तिची दांडी आणि खोली धरणारी पट्टी बहुतेक वेळा गायब असते. दांडीचे आटे साध्या बोल्टशी सहसा जुळत नाहीत, त्यामुळे ‘नंतर बनवून घेऊ’ म्हणणं महागात पडतं. पाते बाहेर येते त्या तोंडाजवळ पितळी रेघ दिसली तर तिथे तडा जोडलेला आहे, तो मी घेत नाही.

बाजूला स्क्रूने बसवलेली तीन पाकळ्यांची छोटी चकती मात्र जरूर शोधा. लाकडाच्या रेषांना आडवं रंधताना तिची एक धारदार पाकळी खाली घ्यायची, म्हणजे ती पात्याच्या आधी तंतू कापते. नाहीतर कडेच्या ढलप्या निघतात. रेषांच्या दिशेने काम असेल तर एकही पाकळी खाली नको.

आणि पाते सांगाड्याच्या बाजूपासून किंचित बाहेर, त्या पाकळीच्या बरोबरीने हवं. आत राहिलं तर प्रत्येक फेरीला रंधा थोडा बाहेर सरकतो आणि खाचेची भिंत तिरकी होते. रंध्याला नावं ठेवण्याआधी हे तपासा!