महिला-पुरुषांच्या बीपीची तुलना आणि फॉर्मवरची एक ओळ : माझा अनुभव

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या वस्तीतल्या एका ओपीडीचं बीपीचं रजिस्टर, सहा महिन्यांचा फॉलोअप आणि प्रश्न एकच : औषध सुरू केल्यावर सिस्टॉलिक (म्हणजे वरच्या आकड्याच्या) बीपीत झालेली घट महिला आणि पुरुषांमध्ये वेगळी आहे का? नोंदी उतरवणं, तपासणं, टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी चाचणी) चालवणं या सगळ्याला मिळून लागला नाही एवढा वेळ अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या छाननी समितीच्या फॉर्मवरच्या एका ओळीने खाल्ला. ती ओळ म्हणजे 'वापरावयाची सांख्यिकी चाचणी'. फॉर्म तीन वेळा परत आला आणि समितीची बैठक महिन्यातून एकदाच. त्याची चीड अजून गेलेली नाही. पण हाच फॉर्म पुढे आणखी कुणीतरी भरणार आहे, म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा शेरा आला : 'पेअर्ड की अनपेअर्ड ते नमूद करा.' हा शेरा योग्यच होता, कारण इथे भलेभले घसरतात. एकाच माणसाचं आधीचं आणि नंतरचं बीपी ही जोडी असते, म्हणून तिथे पेअर्ड. महिला विरुद्ध पुरुष हे दोन वेगळे गट, म्हणून तिथे अनपेअर्ड. आपला प्रश्न घटीबद्दलचा आहे, तेव्हा आधी प्रत्येकाची घट काढायची (पहिलं बीपी वजा सहा महिन्यांनंतरचं) आणि मग त्या घटीच्या रकान्यावर दोन गटांची अनपेअर्ड टी-टेस्ट लावायची. नेहमी होणारी चूक अशी : महिलांवर पेअर्ड चालवली, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; ०.०५ च्या खाली आली की फरक मानतात) ०.०२ आली, पुरुषांवर पेअर्ड चालवली, ०.०९ आली, लगेच निष्कर्ष लिहिला की औषध महिलांनाच लागू पडतं. असा निष्कर्ष निघतच नाही. पुरुष संख्येने कमी असले की घट तेवढीच असूनही त्यांची पी-व्हॅल्यू मोठी येते. दोन घटींमधल्या फरकाची स्वतंत्र चाचणी केल्याशिवाय 'वेगळी' हा शब्द वापरू नये.

दुसऱ्यांदा मी स्पष्ट लिहिलं : 'अनपेअर्ड, वेल्च टी-टेस्ट'. आणि इथे गाडी अडकली. शेरा आला : 'स्टुडंट टी-टेस्ट असे लिहावे. लेवेन चाचणीचा तक्ता जोडावा.' (लेवेन म्हणजे दोन गटांतले आकडे सारखेच पसरलेले आहेत का, हे तपासणारी चाचणी.) आता मंजुरी मिळेपर्यंत रजिस्टरला हात लावायचा नाही, हा नियम त्याच समितीचा, आणि तो बरोबरही आहे. मग ज्या नोंदी अजून उतरवलेल्याच नाहीत त्यांचा तक्ता आणायचा कुठून? हे लेखी विचारलं, तर पुढच्या बैठकीनंतर तोच शेरा पुन्हा, या वेळी खाली रेघ मारून.

खरा मुद्दा तक्त्याच्याही पलीकडचा आहे. स्टुडंटची दोन गटांची चाचणी धरून चालते की दोन्ही गटांचा पसारा, म्हणजे व्हेरियन्स, सारखाच आहे. वेल्चने १९४७ साली मांडलेली पद्धत असं काही धरत नाही. ती प्रत्येक गटाचा व्हेरियन्स त्याच्या त्याच्या संख्येने भागते आणि मग बेरीज करते. 'आधी लेवेन बघा, पी ०.०५ च्या वर आली तर स्टुडंट, खाली आली तर वेल्च' ही रीत वर्षानुवर्षं शिकवली गेली. तिच्यात खोट अशी की गट लहान असताना लेवेनला फरक दिसत नाही, नेमकं तेव्हाच आपल्याला त्याची गरज असते. गट मोठे असले की नगण्य फरकावरही ती बोट ठेवते. शिवाय डेटा बघून चाचणी निवडली की शेवटच्या पी-व्हॅल्यूचा ५ टक्क्यांचा हिशेब (नसलेला फरक दिसण्याची चूक शंभरात पाचच वेळा) पाळला जाईल याची खात्री उरत नाही.

आमच्याकडच्या ओपीडीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. सकाळच्या वेळेत बायका जास्त येतात. पुरुष एमआयडीसीच्या पाळीत किंवा लोकलमध्ये असतात. जे पुरुष येतात त्यांत निवृत्त, आजारपणामुळे घरी बसलेले, औषधं मध्येच सोडलेले अशी सरमिसळ असते. म्हणजे पुरुषांचा गट लहान आणि त्याचा पसारा मोठा. स्टुडंटची चाचणी सर्वांत जास्त फसवते ती याच मांडणीत.

आकडे घेऊन बघा. हे समजण्यापुरते आहेत, रजिस्टरमधले नाहीत. समजा महिला १२०, घटीचा एसडी (स्टँडर्ड डिव्हिएशन, म्हणजे व्हेरियन्सचं वर्गमूळ) १२. पुरुष ४०, एसडी १८. दोन सरासरींतला फरक ५.५ मिमी. स्टुडंटच्या रीतीने स्टँडर्ड एरर (सरासरींतल्या फरकाची अनिश्चितता) येतो २.५१, टी (फरक भागिले स्टँडर्ड एरर) २.१९, डिग्रीज ऑफ फ्रीडम (टीवरून पी-व्हॅल्यू काढायला लागणारा आकडा) १५८, पी-व्हॅल्यू ०.०३. वेल्चच्या रीतीने १४४ भागिले १२० म्हणजे १.२, ३२४ भागिले ४० म्हणजे ८.१, बेरीज ९.३, तिचं वर्गमूळ ३.०५. टी उतरतो १.८० वर, डिग्रीज ऑफ फ्रीडम ५१ वर, आणि पी-व्हॅल्यू साधारण ०.०८. आकडे तेच, पण एका पद्धतीने 'फरक आहे' छापून येईल आणि दुसरीने नाही. कारण स्टुडंटच्या पद्धतीत १२० महिलांचा आटोपशीर पसारा ४० पुरुषांच्या मोठ्या पसाऱ्याला झाकून टाकतो. या मांडणीत मुळात काहीच फरक नसला, तरी स्टुडंट सुमारे १० टक्के वेळा फरक दाखवेल, जिथे आपण ५ टक्के समजून चाललेलो असतो. उलट, मोठ्या गटाचाच पसारा मोठा असला तर ती खरा फरकही सोडून देते. आणि दोन्ही पसारे सारखे निघाले, तर वेल्च वापरून जवळपास काहीच गमावत नाही. मग लेवेनसाठी थांबायचं कशाला?

तिसऱ्या फेरीनंतर मी हाच हिशेब एका पानावर मांडून जोडला आणि ओळीच्या जागी हे लिहिलं : 'सहा महिन्यांतील सिस्टॉलिक घटीच्या सरासरीची महिला व पुरुष गटांत तुलना, द्विबाजू वेल्च टी-टेस्ट, समान व्हेरियन्स गृहीत धरलेला नाही, म्हणून लेवेन चाचणी लागू नाही, निकाल सरासरीतील फरक, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल व पी-व्हॅल्यू या स्वरूपात.' मंजुरी मिळाली. हे वाक्य जसंच्या तसं उचला, फक्त घटीच्या जागी तुमचा आउटकम (जे मोजताय ते) लिहा. कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज असतो तो पट्टा. 'लागू नाही' हे शब्द गाळू नका, सगळं त्यांच्यावरच सुटलं.

मंजुरीनंतरचं काम सरळ आहे. एक्सेलच्या टी.टेस्ट सूत्रात शेवटचा आकडा ३ द्यायचा. २ दिला तर स्टुडंट होते, १ दिला तर पेअर्ड. एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर दोन्ही ओळी छापतं, त्यातली खालची वाचायची. आर हे सॉफ्टवेअर आपणहून वेल्चच करतं. एसपीएसएसने ०.००० दाखवलं तर तसं लिहू नका, '०.००१ पेक्षा कमी' लिहा. चाचणीआधी लिंगाच्या रकान्यातले प्रकार मोजा; 'स्त्री', 'महिला', 'एफ' आणि शेवटी स्पेस राहिलेला 'एफ ' हे संगणकाला चार वेगळे गट वाटतात.

नमुना किती, हे फॉर्ममध्ये आधीच्या पानावर विचारतात. ८० टक्के पॉवर (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळीसाठी ढोबळ सूत्र : १६ भागिले (फरक भागिले एसडी) यांचा वर्ग, हे प्रत्येक गटासाठी. फरक एसडीच्या निम्मा अपेक्षित असेल तर प्रत्येकी ६४. पुरुष कमी मिळणार हे माहीत असेल तर महिलांची संख्या वाढवून थोडीच भरपाई होते. संध्याकाळची किंवा रविवारची ओपीडी धरणं जास्त फायद्याचं.

बीपीऐवजी हिमोग्लोबिन घेणार असाल तर सरासरींची तुलना फारशी कामाची नाही. महिलांचं कमी असणार हे आधीच माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ॲनिमियाची सीमाच गरोदर नसलेल्या महिलांना १२ आणि पुरुषांना १३ ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. तिथे प्रत्येक गटातलं ॲनिमियाचं प्रमाण काढा आणि काय-स्क्वेअर (प्रमाणांची तुलना करणारी चाचणी) लावा. ट्रायग्लिसराइड किंवा ॲडमिट राहिल्याचे दिवस अशा उजवीकडे लांब शेपूट असलेल्या मोजमापांचा आधी लॉग (लॉगॅरिदम) घ्या. मग फरकाऐवजी गुणोत्तर मिळतं, ते तसंच लिहायचं. वय दोन्ही गटांत वेगळं असेल, आणि आमच्याकडे असतंच, तर टी-टेस्ट ते सावरू शकत नाही. सोबत रिग्रेशन (वयाचा परिणाम हिशेबात धरणारी पद्धत) द्यावं लागतं.

बीपीच्या नोंदींत शेवटचा अंक किती वेळा शून्य येतो तेही मोजून बघा. १३०, १४०, १५० असेच आकडे दिसले तर वाचन अंदाजे गोल केलेलं आहे, आणि ४-५ मिमीच्या फरकावर जोर देता येणार नाही. पाच मिनिटं बसवून दोन वाचनं आणि त्यांची सरासरी, हे सुरुवातीपासून पाळलेलं असलं तरच आकडा भरवशाचा.

आणखी एक, जे मला उशिरा लक्षात आलं. रजिस्टरमध्ये नवरा-बायको दोघंही असतात. एकाच घरचं मीठ, एकाच डब्यातली औषधं, एकाच दिवशी चुकलेली तारीख. अशी जोडपी थोडी असतील तर प्रत्येक घरातलं एकच माणूस चिठ्ठीने ठेवून अनपेअर्ड चालवा. बहुतेक नोंदी जोडप्यांच्याच असतील तर मात्र फक्त जोडपी घेऊन बायकोची घट वजा नवऱ्याची घट अशी पेअर्ड करावी. पण त्यासाठी कोण कुणाच्या घरचं हे कळायला हवं, म्हणून नोंदी उतरवतानाच घर क्रमांकाचा वेगळा रकाना ठेवा.