रस्ता नेमका कुणाचा? शाळेसमोरच्या क्रॉसिंगसाठी गेलेले आठ महिने

आमच्या तालुक्याच्या गावात शाळा राज्यमार्गाला लागूनच आहे. वाड्यावस्त्यांवरच्या मुली सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर येतात, गावातली पोरं चालत. सकाळी दहाला उसाचे ट्रॅक्टर, डंपर आणि ही लेकरं एकाच डांबरावर. फुटपाथ म्हणून जी पट्टी आहे ती आम्ही टेप लावून मोजली. विजेच्या डीपीपाशी जेमतेम 40 सेंटिमीटर! इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 103 या निकषांत चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा सांगितली आहे.

शाळेसमोर क्रॉसिंग मागायचं म्हणून पालकसभा, सह्या, हातानं काढलेला नकाशा, सगळं पंधरा दिवसांत उरकलं. मग अडकलो ते अडकलोच.

नगरपरिषदेत गेले तर, "ताई, हा रस्ता आमचा नाही, सार्वजनिक बांधकाम खात्याचा आहे." बांधकाम उपविभागात गेले तर, "गावातला भाग नगरपरिषदेकडं वर्ग झालाय." परत नगरपरिषदेत. "वर्ग झाल्याचं पत्र आणा." ते पत्र मी कुठून आणणार? साहेब साइटवर, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर. साडेतीन महिने या दोन दारांतच गेले. त्यात आमचा पहिला अर्ज हरवला, कारण तो मी टेबलावर ठेवून आले होते. तुम्ही तसं करू नका. बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

अर्ज हरवल्याचं कळलं त्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलीच्या सायकलीला ट्रॉलीचा धक्का लागला. पोर वाचली, पुढचं चाक मात्र पापडासारखं वाकलं. ते चाक बघून घरी आले आणि रात्रीच माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसले.

विनंती करण्याऐवजी यावेळी कागदच मागितले: या तुकड्याचं शेवटचं डांबरीकरण कुणी केलं, बिल कुणी काढलं, आणि वर्ग केल्याच्या आदेशाची प्रत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, हे लक्षात ठेवा. आणि इथं "आमच्याकडं नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं त्यांनीच पाठवायचा असतो. हे मला आधी माहीत असतं तर!

सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. रस्ता बांधकामकडंच आहे, वर्ग करण्याचा प्रस्ताव मंजूरच झालेला नाही. दोन ओळी. मी पोस्टमनसमोरच रडले.

पुढचं सरळ होतं. कनिष्ठ अभियंता आले. त्यांनीच सुचवलं म्हणून क्रॉसिंगची जागा आधी फक्कीनं, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं आखून पाहिली. आम्ही फाटकासमोर मागितली होती, पण पोरं वीस पावलं अलीकडे, वडाखालूनच ओलांडत होती. जागा बदलली. म्हणून सांगते, नकाशा काढण्याआधी दोन सकाळी नुसतं उभं राहून बघा.

आता दोन्ही बाजूंना रम्बलर (वेग कमी करायला लावणाऱ्या उंचवट्याच्या आडव्या पट्ट्या) आहेत, फलक आहेत, पांढरे पट्टे आहेत. डीपी अजून तिथंच आहे. त्याचा अर्ज वीज कंपनीकडं दिलाय, पोच घेतलीय. आणि हो, पट्टे थर्मोप्लास्टिकचेच (वितळवून लावतात त्या जाड थराचे) मागा. आमचे आधी साध्या रंगाचे मारले होते, ते पहिल्याच पावसाळ्यात गेले.