पंधरा दिवस खुराडं रिकामं ठेवून काही होत नाही – लाल माइटचा माझा अनुभव

कधीपासून लिहायचं मनात होतं, राग जाऊ दे म्हणून थांबले, पण तो अजून पूर्ण गेला नाही. घरी दहा-वीस कोंबड्या असतील तर वाचा, कारण मला जे सांगितलं गेलं तेच तुम्हालाही कोणीतरी सांगणार आहे: "ताई, खुराडं पंधरा दिवस रिकामं ठेवा, किडे उपाशी मरतात." किडे म्हणजे लाल माइट, कोंबडीचं रक्त पिणारी बारीक कीड.

नाही मरत. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, शेती कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. बचत गटाचं कर्ज घेऊन मी गिरिराज आणि गावरान मिळून तीस कोंबड्या घेतल्या होत्या. खुराडं बांबूच्या तट्ट्यांचं, एका बाजूला शेणामातीनं लिंपलेला कूड, वर कवेलू. दिवाळीला बऱ्याचशा विकल्या, उरलेल्या जाऊबाईच्या अंगणात ठेवल्या, खुराडं झाडून घेतलं आणि मोजून सतरा दिवस रिकामं ठेवलं. मग नवीन पिल्लं आणली, मोठ्या कोंबड्याही परत आत घातल्या. आठ-दहा दिवसांत पिल्लं मलूल झाली, मोठ्यांचे तुरे पांढरे पडले, आणि संध्याकाळी आत जायला कोणी तयार नाही. आत्याबाई म्हणाल्या, "काहून वो, कोंबड्या खुराड्यात जाऊन नाई राहिल्या, आत काईतरी हाय." सहा पिल्लं गेली तेव्हा त्यांचं खरं वाटलं.

रात्री अकराला टॉर्च घेऊन गेले. हे सगळ्यात महत्त्वाचं, दिवसा पाहू नका, रात्रीच पाहा. कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीच्या खालून पांढरा कागद धरून वर ठोकलं तर कागदावर लाल-लाल ठिपके पडले आणि चालायला लागले. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. बोटानं दाबलं तर रक्ताची रेघ. तिथेच माझ्या हाताला खाज सुटली, कारण ते माणसालाही चावतात, फक्त आपल्या अंगावर टिकत नाहीत.

आता कीड कोणती ते नक्की कळल्याशिवाय औषध फवारायचं नाही असं मी ठरवलं. दुकानदार तर पऱ्हाटीवरचंच औषध हातात देत होता, बाटलीवर कोंबडीचं नावसुद्धा नाही. म्हणून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले आणि इथेच दीड महिना गेला.

पहिल्या खेपेला डॉक्टर लसीकरणाला गेलेले. दुसऱ्या खेपेला तिथला माणूस म्हणाला, किडे कसले सांगता, कोंबडी घेऊन या. तिसऱ्या खेपेला कोंबडी पिशवीत घालून काळी-पिवळीनं नेली, चाळीस रुपये भाडं, दिवसभराची मजुरी बुडाली ती वेगळी. त्याच माणसानं भरदुपारी पंख उचलून पाहिले आणि म्हणाला, "काहीच नाही, चकचकीत आहे, जा घरी." कोंबडी चकचकीतच असणार! हे किडे दिवसा कोंबडीवर नसतातच. रात्री चढतात, अर्धा-एक तास रक्त पितात आणि परत फटीत जाऊन बसतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला माहीत असायला पाहिजे होतं ना? मी तशीच परत आले, कोंबडी कावरीबावरी झालेली, दोन दिवस तिनं अंडं दिलं नाही.

मग मी होमिओपॅथीची रिकामी काचेची बाटली घेतली, पंचवीस-तीस किडे ब्रशनं त्यात ढकलले, तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावला. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता म्हणून तारीख डोक्यात आहे. बाटली नेली तर म्हणे केसपेपरची वेळ संपली. पुढच्या खेपेला डॉक्टर मिटिंगला. त्यानंतर पाऊस नाही पाणी नाही तरी दवाखाना बंद. बाटली घरी माठाच्या ओट्यावर, गारव्यात पडून राहिली, आणि मी रोज पाहत गेले.

पहिल्या दिवशी ते टम्म फुगलेले, लालभडक होते. चार-पाच दिवसांत काळपट झाले. दोन आठवड्यांनी लाली उतरली, राखाडी झाले, मग पांढुरके, इतके पातळ की आरपार दिसेल. तेव्हा समजलं की लाल हा त्यांचा रंगच नाही, ते पोटातलं रक्त कातडीतून दिसतं. रक्त पचत जातं तसा किडा रिकाम्या पोत्यासारखा चपटा होतो. काचेला काळे-पांढरे ठिपके चिकटलेले, मीठ-मिरं सांडल्यासारखे, ती त्यांची विष्ठा. खुराड्यात दांडीच्या सांध्याशी अशी राखेसारखी पूड दिसली की समजा आत आहेत. चपटे झाले की पोस्टकार्ड जाणार नाही अशा फटीतही शिरतात, म्हणूनच झाडूनपुसून रिकामं ठेवलेलं खुराडं आपल्याला स्वच्छ वाटतं.

आणि ते हलायचे नाहीत. बोळ्याजवळ सगळे एकाला एक चिकटून बसलेले. मलाही वाटलं मेले. एकदा पाहता पाहता बाटलीजवळ श्वास सोडला आणि अख्खा पुंजका फुटून पळायला लागला! ऊब आणि श्वासातली हवा लागली की त्यांना वाटतं कोंबडी आली.

एकेचाळिसाव्या दिवशी डॉक्टर भेटले. तो माणूस मधेच म्हणाला, "दीड महिना झाला, मेले असतील, नवीन आणा." मी काहीच बोलले नाही, टेबलावर बाटली ठेवून बोळा थोडा सैल केला आणि फुंकर मारली. सगळे धावले. डॉक्टर उठून सूक्ष्मदर्शकाकडे गेले, पाच मिनिटांत सांगितलं, कोंबडीचा लाल माइट. पाच मिनिटांचं काम! त्या दिवशी मला रडू आलं, पण अभिमानही वाटला.

डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं, त्यांचा राग नाही. म्हणाले, थंड जागेत हा आठ-नऊ महिने रक्ताशिवाय राहू शकतो. रक्त नाही तर मादी अंडी घालत नाही, मिळालं की एका वेळेला 4 ते 8. अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं, ते काही पीत नाही, तसंच कात टाकून आठ पायांचं होतं, पण पुढची कात रक्ताशिवाय टाकता येत नाही, मग ते तसंच वाट पाहत बसतं. म्हणजे माझ्या सतरा दिवसांत ते मेले नाहीत, वाढायचे थांबले होते फक्त, आणि मी नवीन पिल्लं आणून त्यांना जेवायला घातलं. पिल्लं आली की सात-दहा दिवसांत अंड्यापासून मोठ्या किड्यापर्यंत एक चक्कर पूर्ण. दुसरा एक माइट असतो तो रात्रंदिवस कोंबडीवरच राहतो आणि कोंबडी सोडून काही आठवडेच जगतो. दोघांना एक समजल्यामुळेच हा रिकामं ठेवायचा सल्ला फिरत असावा.

उपाय उपासमार नाही, ऊन. 45 डिग्रीच्या वर हा टिकत नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडे ऊन काय असतं ते सांगायला नको. दांड्या, तट्ट्या, अंड्यांच्या टोपल्या सगळं सुटं करून पत्र्यावर आठवडाभर टाकलं. कुडाच्या भेगांत उकळतं पाणी ओतलं, वरून नव्यानं लिंपलं, चुना मारला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध दोनदा मारलं, मधे आठवडा सोडून, कारण किड्यांच्या अंड्यांवर ते चालत नाही. औषध त्यांनी सांगितलं तेवढंच घाला. आणि हो, लिंपायच्या आधी जुनं लिंपण पूर्ण खरवडा, मी पहिल्यांदा वरूनच लिंपलं होतं.

बाटली मी फेकली नव्हती. शेवटचा किडा होळीच्या आठ दिवस आधी हलायचा थांबला.

मृग लागल्यावर नवीन वीस पिल्लं आणली. आता दांडीच्या दोन्ही टोकांना खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीनं बांधून ठेवते, दर रविवारी सकाळी सोडून पांढऱ्या कागदावर झटकते. आत किडे लपलेले निघाले तर पुठ्ठा चुलीत घालायचा आणि नवीन बांधायचा. आतापर्यंत अकरा रविवार झाले, कागद कोराच निघतो.