तांब्यावरचे नाव कोणाचे?

आमच्या घरातील चांदीचा तांब्या आजोबांचा आहे, असे आम्ही सारे लहानपणापासून मानत आलो, कारण त्याच्या पोटावर त्यांच्या नावाची आद्याक्षरे ठळकपणे घातलेली आहेत. गेल्या उन्हाळ्यात काठाखालची काळवंडलेली मोडी ओळ प्रथमच नीट पाहिली आणि ती समजूत चुकीची होती, हे लक्षात आले.

इंग्लंडमधील जुन्या चांदीवर शुद्धतेच्या शिक्क्याबरोबर वर्ष दर्शवणारे अक्षर असते, त्यामुळे वय ठरवणे पुष्कळ सोपे जाते. आपल्याकडे चांदीचे सरकारी हॉलमार्किंग २००५ साली सुरू झाले, म्हणून जुन्या भांड्यावर शिक्का नसला तरी त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. आपल्याला वाचायची असतात ती कोरलेली अक्षरेच. ती वाचण्याआधी भांडे घासून लख्ख करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण रेघांत साचलेल्या काळपटपणामुळेच झिजलेले अक्षर उठून दिसते. मी त्या ओळीवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली आणि तो ठसा मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांना दाखवला. मजकूर असा निघाला : ‘चि. सौ. कां. हिचे लग्नात मामांकडून’, मध्ये वधूचे नाव, आणि शेवटी ‘मन्मथनाम संवत्सरे वैशाख’. शकाचा आकडा मात्र नव्हता.

संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असते. शकात बारा मिळवून साठाने भागले की बाकीवरून संवत्सराचा क्रम मिळतो, आणि मन्मथ एकोणतिसावा. शके १८१७ मध्ये बारा मिळवले की १८२९ होतात आणि बाकी २९ उरते. वैशाख असल्याने शकात ७८ मिळवून इसवी सन १८९५ येतो. पण हाच हिशेब १८३५ आणि १९५५ या सालांनाही लागू पडतो. आजी १९५५ च्या बरीच आधी या घरात आली आणि तांब्या तेव्हाही देवघरात होता, म्हणून ते साल बाद झाले. बुडाशी ‘४० तोळे’ असे त्याच हातचे अक्षर आहे. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे मूळ वजन सुमारे ४६६ ग्रॅम. आज काट्यावर ४५९ भरले. एवढी झीज रोजच्या घासण्याने होणारच, तेव्हा भांडे आणि लेख मुळापासून एकत्र आहेत, असे मी धरतो.

पोटावरच्या आद्याक्षरांची गोष्ट वेगळी. मोडी अक्षरांत छिन्नीचे ठोके एकापुढे एक मोजता येतात आणि प्रत्येक ठोक्याची सुरुवात खोल, शेवट निमुळता आहे. आद्याक्षरांची रेघ मात्र बारीक, थरथरती आणि सारख्या खोलीची, म्हणजे विजेच्या यंत्राची आहे. वडीलधाऱ्यांना विचारल्यावर कळले की वाटणीच्या वेळी भावांनी आपापल्या वाट्याच्या भांड्यांवर खुणा घालून घेतल्या होत्या.

नावाच्या बाबतीत दोन गोष्टींनी माणूस फसतो. आहेराच्या भांड्यावर पुष्कळदा देणाऱ्याचेच नाव असते, म्हणून ‘यांस’ आणि ‘यांजकडून’ यांतला फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा. दुसरे म्हणजे ‘चि. सौ. कां.’ ही वधू अजून माहेरची असते. लग्नात तिचे नाव बदलले की सासरच्या पुढच्या पिढ्यांना मूळ नाव परकेच वाटते. आमच्याकडेही ते नाव कोणी ऐकलेले नव्हते. अखेर छापील कुलवृत्तांतात पणजोबांच्या नोंदीपुढे पत्नीचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव आणि विवाहाचा शक १८१७ असे तिन्ही मिळाले.

तांब्या पणजीचा होता. तिच्या मामांचे नाव आता मी तिच्या माहेरच्या घराण्यातील वंशजांकडे शोधत आहे.