तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणात घर चिऱ्याचं बांधावं का?

रत्नागिरीकडे जागा घेतली की मुंबई-पुण्याचे ओळखीचे लोक मला हेच विचारतात, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या कापलेल्या ठोकळ्यांचं, बांधू की सिमेंटचे ब्लॉक लावू, आणि अंगणात पेव्हर चालतील का. फोनवर दरवेळी अर्धवटच सांगून होतं म्हणून एकदा नीट लिहिते.

कोकणात बांधताय ना, मग चिराच लावा. मला दगडाचं घर मनापासून आवडतं, पण नुसतं आवडतं म्हणून सांगत नाहीये. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, सहज कापला-तासला जातो, आणि मग उन्हावाऱ्यात पडून कडक होतो. भट्टी लागत नाही. वीट भाजावी लागते, सिमेंटला चुनखडी जाळावी लागते, जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7-8 टक्के एकट्या सिमेंटमुळे हवेत जातो. चिरा आपल्याच जिल्ह्यातून ट्रकने येतो. भिंत जाड होते त्यामुळे दुपारचं ऊन आत पोचायला वेळ लागतो, मे महिन्यात हे लगेच जाणवतं.

पण जांभा पाणी पितो, हे लक्षात ठेवूनच बांधायचं. जुन्या घरांचं जोतं बघा, बऱ्याच ठिकाणी खाली काळा दगड आणि वर चिरा, शिवाय कौलांची वळचण चांगली बाहेर काढलेली, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. आता वर सपाट स्लॅब, वळचण नाहीच, आणि भिंत मात्र 'एक्स्पोज्ड' हवी कारण फोटोत छान दिसते. ओल्ड गोव्याचं बॉम जेझस चर्च बघितलं असेल, लालसर दगडाचं. ते 1605 चं, पण ते तसं उघडं नव्हतं हो, बाहेरून चुन्याचा गिलावा होता, तो गेल्या शतकाच्या मध्यात काढला, आणि तेव्हापासून पाऊस थेट दगडावर बसतोय, दगड झिजतोय. म्हणून पावसाच्या माऱ्याची भिंत असेल, आपल्याकडे नैर्ऋत्येची किंवा पश्चिमेची, तर एकतर वळचण द्या नाहीतर चुन्याचा गिलावा करा.

आणि दरजा, म्हणजे दोन चिऱ्यांमधले सांधे, कडक सिमेंटने भरू नका, गवंडी सांगेल तेच मजबूत म्हणून, तरी नको. सिमेंट जांभ्यापेक्षा कडक होतं, भिंत जरा हलली की सांधा तसाच राहतो आणि चिरा फुटतो. चुन्यात किंवा मातीत रचलेला असेल तर सांधा सुटतो, चिरा शाबूत. म्हणूनच जुनं घर उतरवलं की चिरे सगळेच्या सगळे नाहीत तरी बरेचसे अख्खे निघतात, साफ केले की परत लावता येतात, आणि माझ्या मते दगडाचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. सिमेंटच्या भिंतीचं पाडल्यावर डेब्री होतं. गावात कोणाचं घर उतरवतायत कळलं तर आधी तिथे चौकशी करा. नवे चिरे काढायला सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, खणावा लागतो, त्या सड्यावर पावसाळ्यात फुलं येतात, काही सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत, आणि खाण बंद झाली की उरतो तो पाण्याने भरलेला खड्डा.

आता अंगण. कंपाउंडला गडगाच घाला. खाली रुंद, वर निमुळता, दोन्ही बाजूंनी मोठे दगड आणि मध्ये बारीक भर, सिमेंट अजिबात नाही. उताराच्या जागेत मागची माती जुलैत फुगते, पक्क्या भिंतीला पाणी जायला भोकं ठेवली नसतील तर सगळा दाब भिंतीवर येतो आणि ती आडवी होते. गडग्यातून पाणी आपसूक झिरपतं. एखादी जागा ढासळलीच तर तेवढीच परत रचायची, संध्याकाळपर्यंत होतं.

चालायच्या वाटेला पेव्हरऐवजी पाखाडीसारखे (गावातल्या दगडी पायवाटेसारखे) दगड मातीत बसवा, मधे फटी ठेवा म्हणजे पाणी जमिनीत मुरेल. पॉलिश केलेला दगड बाहेर नको, शेवाळ धरला की पाय सटकतो, घरात म्हातारं माणूस असेल तर विचारूच नका. काळा दगड भर उन्हात इतका तापतो की अनवाणी उभं राहवत नाही, तो झाडाच्या सावलीत लावा.

आता फरशी आणि ओटा. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे दगड, आंबट त्यांना सोसत नाही. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली तर सकाळी तिथला तुकतुकीतपणा गेलेला असतो, बोट फिरवलं की खरखरीत लागतं. कोकमाचं आगळ, चिंच, बाथरूमचं ॲसिड, सगळ्याचं तेच. ओट्याला ग्रॅनाइट घ्या, शहाबादी पडवीत टाका.

चिरे घेताना खाणीवर स्वतः जा, फोटोवर ऑर्डर देऊ नका. हातोडीने ठोकून बघा, आवाज खणखणीत यायला हवा, बद्द आला किंवा चिऱ्यात पिवळ्या-पांढऱ्या मातीचे मोठे कप्पे दिसले तर तो बाजूला काढायला सांगा. आणि हे सगळं पावसाच्या आधी उरकून घ्या, भिजलेला चिरा जड होतो आणि उतरवताना कडा फुटतात.