नऊ किलो

रविवार, रात्री.

रद्दीवाल्यानं गंमत म्हणून सॅक काट्याला अडकवली. नऊ किलो. "ताई, यातपण पुस्तकंच का?" म्हणाला, पेपरांचे पैसे मोजून दिले आणि गेला. मी मात्र अजून त्या नऊपाशीच अडकलेय.

कारण हे ट्रेकहून येतानाचे नऊ आहेत. पाणी पिऊन झालेलं, खाणं संपलेलं. जाताना ३ लिटर पाणी म्हणजे सरळ ३ किलो आणि दीड किलो खाणं. एकूण साडेतेरा. ढोबळ हिशेब सगळ्यांना पाठ असतो: एका दिवसाच्या ट्रेकला स्वतःच्या वजनाचा दहावा हिस्सा, मुक्काम असेल तर पाचवा. माझ्या ५६ किलोंना अकरा म्हणजे डोक्यावरून पाणी. मग वरचे अडीच कुणाचे?

खांदे आजही ठणकताहेत. राजगडाची संजीवनी माची सोडून तोरण्याची धार धरली, बुधला माचीची लोखंडी शिडी आली, तरी कुणी विचारलं नाही, जड होतंय का म्हणून. मीही सांगितलं नाही म्हणा. ते तर मी कधीच...

खांद्यांचं दुखणं निदान समजण्यासारखं आहे. मी सॅक खांद्यांवर घेतली, कमरेवर नाही. आधी सगळे पट्टे सैल करायचे. कमरपट्टा पोटावर नाही, कमरेच्या दोन्ही हाडांवर बसवून आवळायचा. मग खांद्याचे पट्टे, अंगाला लागतील इतपतच. मग छातीचा आणि शेवटी खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे बंद ओढायचे. बहुतेक भार कमरेवर उतरतो. भरतानाही तसंच: स्लीपिंग बॅग तळाला, जड वस्तू मध्यभागी पाठीला चिकटून, वाऱ्यापावसाचं वर. पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या खिशात गेल्या की सॅक मागं खेचते, आपण पुढं वाकतो आणि मान धरते. हे सगळं मी दुसऱ्यांना शिकवते, हा भाग वेगळा.

परतल्यावर सॅक उपडी करायची ती कपडे धुवायला टाकण्याआधी, आणि तीन ढीग लावायचे: रोज लागलेलं, एकदा लागलेलं, अजिबात न लागलेलं. आज लावले. तिसऱ्या ढिगात स्टोव्ह, गॅसचा डबा आणि पातेलं (किलोभर तेच), जीन्स (पाऊण किलो; आणि भिजली तर दोन दिवस वाळत नाही, माहीत असून), दुसरी पॉवर बँक, दुसरी बॅटरी, दोरी, प्रथमोपचाराची भली मोठी पेटी. आणि तो स्वेटर. त्याबद्दल आज नको.

प्रवासात माणूस स्वतःला सापडतो म्हणतात. मला स्टोव्ह सापडला.

राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात पिठलं-भाकरी आयती मिळाली. ओसरीवर बॅगा उघडल्या तर चौघांत तीन स्टोव्ह निघाले, चार प्रथमोपचार पेट्या आणि पाच बॅटऱ्या. हसलो सगळे. आत्ता हसू येत नाहीये. आधी वाटलं ही भीती आहे, अंधाराची, उपाशी राहण्याची. पण भीती असती तर मी विचारलं असतं, स्टोव्ह कोण घेतंय? एवढं एक वाक्य. ते टाळण्यासाठी मी किलोभर लोखंड दोन गडांवर फिरवलं. मला मागता येत नाही. अडीच किलोंचं नाव हेच असावं.

माउलींची पालखी पुण्याचे दोन मुक्काम आटोपून दिवे घाट चढते तेव्हा खांद्याला नुसती शबनम आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या आज्या दिसतात. आळंदीपासून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास! त्यांच्याकडे पाहून वैराग्य वगैरे आठवायची आपल्याला सवय. पण त्यांचं बोचकं, वळकटी, दिंडीची पातेली ट्रकमध्ये असतात. वैराग्य नाही, सोय आहे. फक्त संध्याकाळी ट्रक मुक्कामाला पोचलेला असेल, आपलं बोचकं त्यात असेल, हे त्यांनी धरून चाललेलं असतं. मी ट्रकमागून धावले असते.

बरं, इतकं रडण्यासारखं काही नाही. मघाशी ग्रुपवर टाकलं: पुढच्या वेळी स्टोव्ह एकच, पेटी एकच, कोण काय घेतंय ते आधी लिहा. लगेच दोघांचं उत्तर आलं, "स्टोव्ह माझा." म्हणजे ही खोड माझ्या एकटीची नाही तर.

तिसरा ढीग माळ्यावर गेला, स्वेटर सोडून. काटा घरी नाही, पण अंदाजानं साडेसहाच्या आत आले असेन. दुसरी बॅटरी माळ्यावरून परत काढली. स्वस्तातले सेल असतात त्यात, कधी दगा देतील सांगता येत नाही.